गोडोलीत झुकलेलं सूचिपर्णी झाड जगेल का? (एक मेलंय, दुसऱ्याआधी विचारते)

पायरीवरची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि तेही रडगाणं घेऊनच.

मी साताऱ्यात गोडोलीला राहते, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला. बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. घर जुनंच, पण गेल्या वर्षी ड्रेनेजची लाइन बदलायला पुढचं अंगण उकरलं आणि त्यात मोगरा, जास्वंद, कर्दळ सगळं गेलं. आता १८ बाय २२ फुटांचा बोडका तुकडा शिल्लक आहे. पश्चिमेला तोंड, बारा वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत सरळ ऊन. रस्त्याच्या कडेनं विजेची तार गेलीय, अंदाजे २० फुटांवर. एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन, ते हलणार नाही.

डोक्यात किडा कसा शिरला ते सांगते. मुलगा अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला असतो. मागच्या वर्षी गेलो होतो तेव्हा त्यानं हॉइट आर्बोरेटम दाखवलं, सगळा डोंगर सूचिपर्णी झाडांचा. बघितलं, चालून पाय दुखले. पण जीव जडला तो त्याच्या शेजाऱ्यांच्या कुंपणावरच्या झाडावर. निळसर सुया, खोड जेमतेम मनगटाएवढं, आणि न्हाऊन आलेल्या बाईनं केस मोकळे सोडावेत तशा सगळ्या फांद्या कुंपणावरून खाली सोडलेल्या. मुलगा म्हणाला, वीपिंग अ‍ॅटलास सीडर. त्याच गल्लीत पुढं एका दारात स्प्रूस होता, तोही वीपिंग, घोंगडी पांघरून उभा राहिलेल्या धनगरासारखा. रोज संध्याकाळी मी फिरायला म्हणून निघायची आणि त्या दोन झाडांपाशीच रेंगाळायची.

परत आल्यावर डिसेंबरात इथल्या एका नर्सरीतून (नाव लिहीत नाही) गोल्डन सायप्रस आणलं, साडेसहाशेला. पिवळसर पोपटी, पान चुरगळलं की लिंबाचा वास. खड्ड्यात दोन घमेली शेणखत घातलं, रोज बादलीभर पाणी. होळीला अगदी टवटवीत. पाडव्यानंतर एका बाजूनं कळा गेली आणि अक्षय्य तृतीयेला अख्खं विटकरी. नखानं साल खरवडली तर आत हिरवा ठिपकाही नाही. नर्सरीवाला फोनवर म्हणाला, "काकू, पाणी कमी पडलं." शेजारचे म्हणाले, पाणी जास्त झालं. ह्यांचं मत, नजर लागली.

तर मला हवंय एक झुकणारं झाड, फाटकाच्या डाव्या बाजूला. आणि दोन मध्यम, आठ-दहा फुटांत आवरणारी. वरची फूटभर माती काळी, भरावाची, खाली मुरूम. पाणी बोअरचं, नळाच्या तोटीवर पांढरा थर जमतो इतकं जड. बजेट आठ हजार, त्यातले साडेसहाशे ह्यांनी आधीच वजा केलेत.

आणि कृपा करून अशोक सुचवू नका. बँकेच्या आवारात सतरा अशोक ओळीनं उभे होते, तीस वर्षं खिडकीतून तेच बघितलेत.

---

कृष्णाकाठ_मिरज

सुरू लावा की! सुया पण आहेत, फळं पण शंकूसारखी, वाऱ्यावर आवाज मस्त येतो. आमच्या शाळेच्या कंपाउंडला होते. पाणी नाही, खत नाही, पाच वर्षांत गच्चीच्या वर.

---

ओळंबा

मिरजकर, सुरू सूचिपर्णी नाही. तुम्ही ज्याला सुई म्हणता ती बारीक काडी आहे. ओढून बघा, पेरापेरानं सुटते. खरं पान म्हणजे त्या पेरावरचे दाते, भिंगातून दिसतील एवढे. सुरू फुलणारं झाड आहे, पाइनपेक्षा बाभळीला जवळचं. गोंधळ नावाचाही आहे, कारण सायप्रसला आपल्याकडे सरू म्हणतात. सरू आणि सुरू, एका उकारानं झाड बदललं. आणि २० फुटांवर तार आहे म्हणतायत त्या. गच्चीच्या वर गेल्यावर तोडायला तुम्ही येणार का?

आता ताई, तुमचं. मी सांगलीचा, बंगल्यांच्या बागा करून देतो, सव्वीस वर्षं झाली. ह्या झाडांवर लोकांचे पुष्कळ पैसे घालवलेत मी, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे.

तुमचं झाड अक्षय्य तृतीयेला मेलं नाही. ते फेब्रुवारीतच गेलं असणार, तुम्हाला कळलं एप्रिलात. ही झाडं मेल्यावरही महिना-दीड महिना हिरवी दिसतात. नाताळात तिकडं झाड तोडून घरात आणतात, ते मुळांशिवाय आठवडेच्या आठवडे हिरवं राहतंच की. जास्वंदीला तहान लागली की ती मान टाकते, पाणी घातलं की सकाळी उभी. सायप्रस काही बोलतच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी आमच्याकडे नदीकडच्या एका बंगल्यात आठवडाभर होतं. तिथं मी लावलेले सात जुनिपर होते. पाणी उतरलं, गाळ धुतला, झाडं हिरवीगार. मालकांनी मला पेढे दिले. दसऱ्यापर्यंत सातही विटकरी.

कशानं मेलं ते बघायचं तर झाड फेकू नका, उपटा. मुळांचा गोळा सुरीनं उभा कापा आणि मधोमध बोट घाला. काय दिसतं ते इथं लिहा. माझा अंदाज असा, की नर्सरीवाला आणि शेजारी दोघंही बरोबर निघतील.

पण ते नीट लावलं असतं तरी गोडोलीत फार टिकलं नसतं. गोल्डन सायप्रस हे मूळचं कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या किनाऱ्यावरचं झाड. त्याचं रानटी वास्तव्य तेवढ्याशा पट्ट्यातच, थंड समुद्राच्या धुक्यात. त्याला साताऱ्याच्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या भिंतीपुढं उभं करायचं म्हणजे कोकणातल्या माणसाला माणच्या माळावर विनाछत्री बसवायचं.

पोर्टलंडकडचे स्प्रूस, हेमलॉक, लार्च आणि नूटका सायप्रस, चारही मनातल्या यादीतून खोडा. ही झाडं हिवाळ्यात झोपतात, आणि काही आठवडे कडक गारठा मिळाला नाही तर पुढं कळ्या धड फुटत नाहीत. उन्हाळ्यात तर आणखी वाईट. लोक म्हणतात, आपलं ऊन सोसत नाही. ऊन एक वेळ सोसतील, रात्र सोसत नाही. पोर्टलंडला जुलैत दुपारी तापलं तरी रात्री पारा चौदा-पंधरावर उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात बावीस-तेवीसच्या खाली यायला तयार नसतो. पानांनी दिवसा जे कमावलं त्यातलं झाड रात्री श्वासात खर्च करतं, आणि रात्र जितकी उबदार तितका खर्च जास्त. दोन-तीन उन्हाळे शिलकीवर निघतात, मग खातं बंद. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको. अ‍ॅटलास सीडर मोरोक्को-अल्जेरियाच्या डोंगरातला, कोरडं ऊन त्याला चालतं, पण हिवाळा त्यालाही खराखुरा लागतो. तोही खोडा, वाईट वाटलं तरी.

झुकण्याबद्दल एक गोष्ट नर्सरीत कुणी सांगत नाही. झुकणं ही त्या झाडांची जात नाही, खोड आहे. शेंडा वर धरायचाच नाही, ही खोड. हजार रोपांत एखादं असं निपजतं, मग त्याच्या काड्यांची कलमं बांधून तेच वाढवत नेतात. कलम लहान असताना त्याला बांबू देऊन हवं तितक्या उंचीपर्यंत बांधत न्यावं लागतं. सोडून दिलं तर बरीचशी भोपळ्याच्या वेलासारखी जमिनीवर पसरतात. तुम्ही कुंपणावर जे बघितलंत ती त्या शेजाऱ्याची कित्येक वर्षांची दोरी आहे.

'मध्यम' ह्या शब्दावरही जाऊ नका. अमेरिकन कोनिफर सोसायटीच्या हिशोबात मध्यम म्हणजे वर्षाला १५ ते ३० सेंटिमीटर वाढणारं, दहा वर्षांत साधारण ५ ते १० फूट. दहा वर्षांत. अकराव्या वर्षी ते थांबत नाही. म्हणून नर्सरीत "किती उंच होतं?" विचारायचं नाही, तो तुमचं तोंड बघून आकडा सांगतो. शेंड्याकडची फिक्या सालीची कोवळी काडी कुठून सुरू झाली ते बघा आणि विती लावा. एका वर्षात दोन विती वाढलं असेल तर तुमच्या तारेखाली ते नको.

त्यावरून आठवलं, कुणी 'क्रिसमस ट्री' गळ्यात मारेल, ते घेऊ नका. कुंडीत गोंडस दिसतं, मजल्यामजल्यानं फांद्या. ते आरोकेरिया, पॅसिफिकमधल्या बेटांवरचं, शंभर-दीडशे फुटांचं धूड. शेंडा एकदा छाटला की ती सुबक उतरंड कायमची बिघडते. विश्रामबागेत एकांकडे मी २००४ साली अडीच फुटांचं लावलं. आठ वर्षांनी त्यांचा फोन, "तुम्ही झाड वाकडं लावलंय." मी ओळंबा घेऊन गेलो. खरंच वाकडं, दक्षिणेकडं. माणसं लावून, दोर बांधून, चार महिने ओढलं, काही उपयोग नाही. त्यांनी शेवटचे पैसे दिले नाहीत ते नाहीतच. पुढं कळलं, की ह्या आरोकेरियातलं नॉरफोक पाइन म्हणून आपल्याकडे जे खपतं त्यातलं पुष्कळसं त्याचंच भावंड कुक पाइन असतं, आणि कुक पाइन जगात कुठंही लावा, विषुववृत्ताकडे कलतं. आपल्याकडे दक्षिणेकडं, ऑस्ट्रेलियात उत्तरेकडं. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी पाच खंडांतली झाडं मोजून ते छापलं. मी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. चहा मिळाला. ह्या आयडीचं नाव तिथूनच.

गोळा कापून कळवा, मग काय लावायचं ते बोलू.

---

पायरीवरची

ओळंबादादा, तुमचं वाचून ह्यांनी लगेच पहार घेतली. उपटायला पहार लागलीच नाही, हातानं निघालं.

गोळा नारळाएवढा, सहा महिन्यांपूर्वी पिशवीतून काढला तेवढाच. एकही मूळ बाहेरच्या मातीत गेलेलं नाही. वरून काळा चिकट चिखल, कुबट वास. सुरीनं कापला तर मधोमध खटखटीत कोरडा, काथ्याचा भुगा अक्षरशः उडाला. रोज बादलीभर पाणी घालून आत कोरडा! आणि मुळं गोल गोल फिरलेली. एक उलगडून टेप लावली, अडीच फूट भरलं. अडीच फुटांचं मूळ नारळाएवढ्या गोळ्यात. मला त्या रोपाची दयाच आली.

म्हणजे नर्सरीवालाही बरोबर, शेजारीही बरोबर. नजरेचं तेवढं राहिलं.

दोन प्रश्न. एक, ह्यांची मावशी म्हणते मोरपंखी लाव. लहानपणी आम्ही ते पान वहीत ठेवायचो, विद्या म्हणून. माझ्या चौथीच्या भूगोलाच्या पुस्तकात अख्खी फांदी होती, गणित मात्र कच्चंच राहिलं आणि बँकेत लागले. पण जिथं तिथं दिसणारी मोरपंखी आतून तपकिरी, खराट्यासारखी असते. ती तशीच होते का? दोन, बोअरच्या पाण्याचं काय?

---

तासगाव_द्राक्षं

मी बागाईतदार, शोभेच्या झाडातलं कळत न्हाई, पण त्या तपकिरी मोरपंखीचं मला म्हाईत हाय. बऱ्याच वेळा तो लाल कोळी असतोय. आमच्या दारात दोन मोरपंख्या हायत, वडलांनी लावलेल्या. मागं एकदा उन्हाळ्यात धुरकट व्हाया लागल्या. बायको म्हणली पाणी द्या, पाणी दिलं. आई म्हणली खत द्या, खत दिलं. मग एक दिस बागेतनं येताना सवयीनं वहीचा पांढरा कागद खाली धरला आन् फांदीवर टिचकी मारली. कागदावर मिरीच्या भुकटीवानी ठिपके पडले, आन् ठिपके चालाय लागले. बोटानं पुसलं तर तांबडं वळ.

औषिधाच्या मागं लागू नका घराजवळ. गंधक तर भर उन्हाळ्यात मारूच नका, पाला करपतोय, आमी द्राक्षावर शिकलोय हे. सकाळी सकाळी पायपाला बोट लावून जोरात फवारा, आतल्या बाजूनं, खालनं वर. आठवड्यातनं दोनदा, फेब्रुवारी ते पाऊस पडंस्तोवर. कोळ्याला धूळ आन् कोरडं लागतंय, ओलं सोसत न्हाई. रस्त्याकडंच्या झाडाला धूळ जास्त, म्हणून कोळी जास्त.

कागदाचं तेवढं ध्यानात ठेवा, मावशी. महिन्यातनं एकदा टिचकी.

---

टेबललँडच्या_खाली

पाचगणीतून. मी एका जुन्या बंगल्याची देखभाल बघतो. इथं सायप्रस आहेत, चांगले जुने आहेत, आणि दर मे महिन्यात साताऱ्या-पुण्याचे पाहुणे फोटो काढून विचारतात, "आमच्याकडे येईल का हो?" फांदी मोडून नेणारेही आहेत.

आम्ही १३०० मीटरच्या आसपास आहोत, गोडोली सातशेच्या घरात. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तरी चार अंशांचा फरक इथंच पडतो. शिवाय खाली जांभा, पाणी कितीही कोसळलं तरी उभं राहत नाही. त्यामुळे इथलं बघून तिथं लावू नका.

कुणीतरी काश्मीर सायप्रस सुचवेल म्हणून आधीच सांगतो, कारण झुकणाऱ्या सूचिपर्णीत त्याच्याइतकं देखणं मी दुसरं बघितलेलं नाही. निळसर, झालरीसारखं. नाव काश्मीरचं, पण ते मूळचं काश्मीरचं नाहीच, भूतान आणि अरुणाचलाकडचं. भूतानचा राष्ट्रवृक्ष आहे. त्याला ओल, धुकं आणि गार हवा लागते, आणि ते मध्यम नाही, प्रचंड होतं. आमच्या उंचीवर जागा असेल तर विचार करण्यासारखं. तुमच्या फाटकाशी नाही.

आणि पाचगणीचे 'पाइन' म्हणून ज्यांचे फोटो फिरतात ते बहुतेक सिल्व्हर ओक असतात. ते पाइनही नाहीत आणि ओकही नाहीत.

---

ओळंबा

तासगावकरांनी लाखातलं सांगितलं. मी लोकांना ह्याच कागदाचे व्हिजिटचे पैसे लावतो.

ताई, आता नावं. झुकणारं एकच सुचवतो, वीपिंग पोडोकार्पस. जुनी मंडळी पोडोकार्पस ग्रॅसिलिअर म्हणतात, आता शास्त्रीय नाव आफ्रोकार्पस झालंय. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं, केनिया-इथिओपियाकडचं. सुई नाही, अरुंद लांबट मऊ पान, कोवळेपणी पोपटी. तुमच्या सीडरसारखं निळं नाही आणि कुंपणावरून धबधब्यासारखं कोसळणारही नाही, हे आधीच सांगतो. फांद्यांची टोकं लोंबतात, वाऱ्यावर हलतात, लांबून बांबूच्या बेटाचा भास होतो. पण सूचिपर्णींच्याच कुळातलं आहे, उष्ण शहरांत रस्त्याकडेला लावतात, आणि मुख्य म्हणजे छाटणी सोसतं. न छाटता सोडलंत तर तेही ३०-४० फूट जाईल. दर वर्षी शेंडा आवरायची तयारी हवी. फाटकाजवळ नको, तार तिथंच आहे. घराच्या बाजूला, भिंतीपासून सहा-सात फूट सोडून लावा, म्हणजे खिडकीतून दिसेल. तीस वर्षं अशोक बघितल्यावर तेवढं पाहिजेच.

दोन मध्यमपैकी एक मोरपंखीच घ्या, मावशींचं ऐका. फक्त उंच जाणारी नको, बुटकी सोनेरी घ्या, अंड्यासारखी घोटीव असते, चार-सहा फुटांत राहते. ती मूळची चीनकडची, ऊन आणि थंडी दोन्ही बघितलेली. पंख्यासारखी उभी पानं, फळ कोवळं असताना निळसर आणि त्याला वाकडी शिंगं. आतली जुनी पानं सावलीत वाळून गळतात, तो रोग नाही, हात घालून झटकून काढायची. ती तशीच अडकून राहिली की कोळ्याला घर मिळतं. खराटा होतो तो कात्रीनं. दर वर्षी गोल कापत कापत माळी एकदा हिरव्याच्या आत शिरतो, आणि मोरपंखी, सायप्रस, जुनिपर ह्यांच्या तपकिरी लाकडातून परत फुटवा येत नाही. एकदा पडलेलं भोक आयुष्यभराचं. हिरवं दिसतंय तोवरच कात्री. पोडोकार्पस त्याला अपवाद.

तिसरं, जुनिपर, त्यातलं पीळ घातल्यासारखं वाढणारं. कायझुका म्हणून विचारा. सावकाश वाढतं, दहा वर्षांत आठ-दहा फूट. तुमच्या पश्चिमेच्या उन्हाला हेच सगळ्यात भक्कम. पण पाण्यात पाय बुडाले की गेलं. ते सात जुनिपर मी अजून विसरलो नाही.

बोअरच्या पाण्याचं: मोरपंखी आणि जुनिपर चुनखडीला फार भीत नाहीत. पोडोकार्पसची पानं क्षारांनी पिवळी पडतात. गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा एक पाइप त्याच्याकडे वळवा, बुडाशी पालापाचोळा घाला, बाकी बघता येईल.

लावायचं कसं ह्यात खरी गोम आहे. आता नाही, पहिला दमदार पाऊस झाल्यावर. तोवर फूटभर खड्डा काढून पाण्यानं भरा. मुरलं की परत भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभर तरी उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर खड्डा करायचाच नाही, उंचवटा करायचा. जमिनीवर दीड फुटाचा ढीग, निम्मा मुरूम, निम्मी माती, आणि झाड त्याच्या डोक्यावर. शेणखताची घमेली अजिबात नकोत. खताच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि मुळं तिथंच लोळत बसतात, बाहेर पडायला बघत नाहीत. वर हवं तर थोडं टाका.

पिशवीतून काढल्यावर गोळा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेरचा काथ्या बोटांनी झाडून मुळं मोकळी करा. गोल फिरलेली सरळ होत नसतील तर कापा. जीव खाली-वर होतो, पण कापा. बुंध्याचा फुगार भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे.

जाता जाता एक, टेबललँडवाल्यांच्या भूतानवरून आठवलं. आपल्या दक्षिण भारताचं स्वतःचं सूचिपर्णी कुळातलं झाड एकच, तेही ह्याच पोडोकार्पसचं भाऊबंद, नागेया. दक्षिणेकडच्या सह्याद्रीत रानात सापडतं. पान चांगलं रुंद असतं, दाखवलं तर कुणी पाइनचा नातेवाईक म्हणणार नाही. नर्सरीत मागू नका, मिळणार नाही. मी मागून बघितलंय, त्यानं मला मनी प्लँट दिला.

---

पायरीवरची

मध्ये दोन महिने गेले, उशिराबद्दल माफ करा.

खड्डा भरून बघितला. सकाळी आठला भरला, दहाला गेले तर एक बोट उतरलं होतं. दोन तासांत एक बोट. म्हणून ढीग. ढिगाला बघून शेजारच्यांनी विचारलं, "कुणाची समाधी?"

पोडोकार्पस साताऱ्यात तीन ठिकाणी विचारला, तिघांनी साधा ताठ वाढणारा दाखवला. शेवटी पुण्याकडच्या एका नर्सरीतून आणला, साडेतीन फुटांचा, अठराशे अधिक गाडीभाडं. मोरपंखी साडेतीनशे. कायझुका नाही मिळाला, त्याऐवजी "सेमच आहे मॅडम" म्हणून जे दाखवलं त्याची नवी वाढ विती लावून मोजली, पावणेदोन विती भरली. नर्सरीवाला बघतच राहिला. नाही घेतलं. ती जागा सध्या रिकामी ठेवलीय.

पोडोकार्पसची मुळं मी कापली, ह्यांना तिथं थांबवलं नाही. आठ ठिकाणी कापली. लावून आज एकवीस दिवस झाले. शेंड्याला पोपटी फूट आलीय, करंगळीच्या पेराएवढी, आणि ती वर न जाता बाजूला वाकलीय. बांबूला शेंड्यापर्यंत बांधू का तशीच राहू देऊ? आणि मेल्यावर महिना-दीड महिना हिरवं दिसतं म्हणालात, ते डोक्यातून जात नाहीये. ही फूट खरी समजू ना?

---

ओळंबा

नवी फूट ही काही मेलेलं झाड काढत नाही, निश्चिंत राहा. तरी सप्टेंबर संपेपर्यंत मला पेढे पाठवू नका.

बांबूला बांधा, पण खोड बांधा, शेंडा नाही. वरचं वीतभर मोकळं सोडा, त्याला हलू दे. सुतळी नको, पावसात आवळते आणि सालीत रुतते. जुन्या सुती साडीची पट्टी घ्या, इंग्रजी आठचा वेढा घाला. दिवाळीच्या सफाईत आठवणीनं सोडून परत सैल बांधा.